वहिनी गाडी बघायला यायची तेव्हा

आमच्या कंपनीत आत मोबाइल न्यायला परवानगी नाही. रोह्याजवळच्या धाटावच्या सगळ्याच केमिकल कंपन्यांत ही रीत आहे. गेटवरच्या कप्प्यात फोन ठेवायचा आणि सुटताना परत घ्यायचा. त्यामुळे शैलावहिनी गेल्याचा निरोप मला फोनवर मिळाला नाही. जेवणाच्या सुटीच्या जरा आधी कंट्रोल रूममधला फोन वाजला आणि सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहेब, गेटवर या. तुमच्याकडं माणूस आलाय." बाहेर प्रकाश उभा होता. प्रकाश माझ्याच प्लांटमध्ये ऑपरेटर, राहणार गडबचा, त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुटी. गाडी गेटसमोरच लावलेली, इंजिन चालू. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चला पेणला. वहिनी गेल्या. दादांनी तुम्हाला लय फोन लावले, मग मला लावला." मी काहीतरी विचारलं असेन, त्यानं उत्तरही दिलं असेल... मला आठवतं ते एवढंच, की मी बाजूला बसल्यावर पट्टा लावीपर्यंत त्यानं गाडी जागची हलवली नाही.

शैलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. पेणला ती बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंगची शाळा चालवायची. गेल्या काही आठवड्यांत रोह्यात, पेणला, बाजारात, बस स्टँडवर मला जे कोणी भेटले त्यांनी आधी "कसं झालं?" असं विचारलं आणि थोडं थांबून दुसरं विचारलं, "आता गाडी घेताना कुणाला न्यायचं?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आमच्याकडे तो अगदी सरळ आहे. पेण ते रोहा या पट्ट्यात गेली कित्येक वर्षं कुणाच्या घरी पहिली गाडी यायची झाली, की मंडळी वहिनीला घेऊन पनवेलच्या किंवा अलिबागच्या शोरूमला जायची. लग्नाला मुलगी बघायला जाताना घरातलं एक जाणतं माणूस नेतात, तसं. ती कुठल्या कंपनीची एजंट नव्हती. तिला गाड्यांची आवड होती आणि आवडीपेक्षा जास्त, त्यांच्याबद्दल मत होतं.

आवड माहेरची. तिचे वडील गडबचे, भातशेती होती आणि जोडीला पेण–नागोठणे मार्गावर प्रवासी जीप चालवायचे. भात कापून झालं, खाचरं वाळून कडक झाली, की ते संध्याकाळी जीप शेतात उतरवायचे आणि पोरीला चाकावर बसवायचे. "बांध लागला तरच थांब, नायतर फिरव," असं सांगून स्वतः बांधावर विडी ओढत बसायचे. लग्न होऊन ती पेणला आली तेव्हा दादाकडे स्कूटर होती आणि दादाला त्या स्कूटरचीही भीती वाटायची. पतसंस्थेतली नोकरी, सरळ माणूस. आमच्या घरी पहिली जुनी गाडी आली ती वहिनीच्या हट्टानं, आणि ती घरापर्यंत चालवत आणली वहिनीनंच; दादा मागं पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसला होता. आळीतल्या बायका गाडीपेक्षा वहिनीकडेच बघत होत्या. त्यातल्या दोघी पुढच्याच आठवड्यात "आमाला पण शिकव गो" म्हणत आल्या आणि तिथून शाळा सुरू झाली. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या बायका, शाळेतल्या शिक्षिका, मिठागराकडच्या दोन बहिणी, एक नर्स... अशा कितीतरी जणी तिच्याकडे शिकल्या.

आता तिच्या मतांविषयी लिहायला हवं. कंपन्यांची नावं मात्र मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दारात कुणाची ना कुणाची गाडी उभी असेल आणि वहिनी गेल्यावर तिच्या नावावर भांडणं नकोत. तशी तीसुद्धा नावं घेत नसे. कंपन्यांना तिनं नात्यातली नावं ठेवली होती. एक मावशी, एक आत्या, एक मामा आणि एक परदेशातला काका. ती म्हणायची, "भाऊजी, कंपनी म्हणजे घराणं असतं. एक पोरगी बघून घराणं कळत नाय. थोरली, मधली, धाकटी, सगळ्या बघाव्या लागतात." शोरूममधला पोरगा जी गाडी पुढे करील ती ती बघायचीच, पण त्याच कंपनीच्या उरलेल्या सगळ्या गाड्यांतही बसून यायची. ज्याला छोटी गाडी घ्यायची त्याच्याबरोबर जाऊन ती सात माणसांच्या गाडीचा गिअर हलवून बघायची. लोकांना वाटायचं, बाई हौस भागवून घेते.

मावशी म्हणजे घरोघरी असलेली. खायला कमी लागतं, आजारी पडली तर गल्लीतला डॉक्टरही बरी करतो, अगदी गडबच्या नाक्यावरच्या टपरीवजा दुकानातसुद्धा तिचा पार्ट मिळतो आणि विकायला काढली तर दारात गिऱ्हाईक. पण वहिनीची तक्रार अशी, की मावशीनं सगळ्या पोरींना एकाच ताग्यातले फ्रॉक शिवलेत. दिवे आणि जाळी बदलली की नवं नाव. दार लावलं की पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज येतो, असंही ती म्हणायची. आत्या नटवी. तिची प्रत्येक गाडी वेगळी, आतला कपडा मऊ, समोरचा टीव्हीसारखा पडदा मोठा, छताला काचेची खिडकी, गाडीत बसताक्षणी माणूस पाघळतो. "पण ही दर दिवाळीला नवं नेसते. आपली गाडी दोन वर्षांत जुनी दिसायला लागते," हा वहिनीचा शेरा. मामाकडच्या गाड्या दणकट, जड दाराच्या, खड्ड्यात न डगमगणाऱ्या. मोठ्या गाड्या मनापासून केलेल्या, छोट्या जरा कंटाळून. "मामाचं मन मोठं, शिवण वाकडी," असं म्हणून ती डॅशबोर्डच्या सांध्यावरून बोट फिरवून दाखवायची. आणि परदेशातला काका... त्याचं स्टिअरिंग हातात घेतलं की वहिनीचा चेहरा बदलायचा. कोलाडच्या वळणांवर ती गाडी चालवून आल्यावर ती कितीतरी वेळ दुसरं काही बोललीच नव्हती. पण काकाचं सर्व्हिस सेंटर लांब, पार्ट मागवायचा तर वाट बघायची. "काकाचा पाहुणचार रोज झेपत नाय," म्हणून ती कुणालाही ती गाडी घेऊ देत नसे.

तेव्हा तिच्या कसोट्या सोप्या होत्या. क्लच किती माफ करतो, कारण शिकणारी बाई चुकणारच. पेट्रोल किती पिते. पुढे विकली जाईल का. आणि बघायला बरी दिसते का. चौथी कसोटी ती मोकळेपणानं मान्य करायची. "रोज सकाळी दार उघडल्यावर जिच्याकडं बघायचं ती जरा देखणी नको व्हय?" असं विचारायची आणि दादाकडे बघून हसायची.

प्रकाशची पहिली गाडी तिनंच निवडली. त्याला शिफ्टला जायला बाइक होती. गाडी हवी होती ती आईसाठी. आईचे गुडघे गेलेले, बसला चढता यायचं नाही. वहिनीनं त्याच्यासाठी एक छोटी गाडी ठरवली, त्यातलंही सगळ्यात खालचं मॉडेल. गावात वापरायला एवढं पुरे, ह्याला वरच्या मॉडेलचे दागिने कशाला, असा तिचा हिशेब. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण खालच्या मॉडेलात तेव्हा सगळीकडेच सारखी कंजुषी असायची. सीट फारच उघडीबोडकी दिसत होती, म्हणून येता येता वहिनीनंच त्यांना पेणच्या एका दुकानात नेऊन जाड, छान कव्हरं बसवून दिली. प्रकाशच्या आईनं गाडीला ओवाळलं आणि वहिनीलाही ओवाळलं. त्या दिवसाचा फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. गाडीला झेंडूचा हार आणि शेजारी दोन सारख्या उंचीच्या, ठेंगण्या बायका.

पुढच्या उन्हाळ्यात ते तिघं, प्रकाश, त्याची बायको सुषमा आणि आई, माणगावकडचं एक लग्न उरकून परत येत होते. हायवेचं काम चालू होतं, खांब गावाजवळ रस्ता एका बाजूनं वळवलेला होता. समोरून चुकीच्या बाजूनं टेम्पो आला. प्रकाशनं ब्रेक मारला, गाडी वाकडी झाली आणि पुढचा कोपरा टेम्पोला लागला. वेग फार नव्हता. पुढं बसलेल्या दोघांना पट्टे होते, त्यांना खरचटण्यावर निभावलं. आई मागं बसली होती. ती दोन सीटच्या मधून पुढं फेकली गेली आणि डोकं डॅशबोर्डवर आपटलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती बोलत होती, "माझी पिशवी कुठं हाय" असं विचारत होती. त्याच संध्याकाळी ती गेली.

टेम्पोवाल्याची चूक होती, पोलिसांनीही तसंच लिहिलं, प्रकाशनं कुणाला बोल लावला नाही. पण वहिनीनं मला फोन करून विचारलं, "गाडी कुठं ठेवलीय?" खांबच्या एका गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत ती गाडी आणून टाकली होती. मी रोह्याहून गेलो, ती पेणहून आली. पुढचा दिवा आणि बॉनेट सोडलं तर गाडी तशी शाबूत दिसत होती. वहिनी पुढचं काही न बघता मागचं दार उघडून आत बसली. जिथं प्रकाशची आई बसली होती तिथंच. मग तिनं खांद्यावरून पट्टा ओढला, तो सुरळीत आला. तो अडकवायला ती सीटवर हात फिरवायला लागली. बराच वेळ चाचपत होती. शेवटी तिनं सीटच्या फटीत हात कोपरापर्यंत घातला आणि म्हणाली, "भाऊजी, इथं बघा." पट्टा अडकवायची कडी कव्हराच्या खाली गेली होती. दुकानदारानं कव्हर शिवून आवळताना ती खाली दाबून टाकली होती. त्या गाडीत मागं बसलेल्या कुणालाही, मनात असतं तरी, पट्टा लावता आला नसता.

मी म्हटलं, "वहिनी, मागं कोण लावतं पट्टा? आपण तरी लावतो का?"

"लावला नसता त्यांनी. म्हायतीय मला," ती म्हणाली. "पण मी मागं बसून बघितलंच नव्हतं. क्लच बघितला, इंजिन बघितलं, रंग बघितला... आणि गाडी ज्या बाईसाठी घेतली तिची जागाच नाय बघितली."

दहाव्यानंतर ती गडबला गेली. मी बरोबर होतो. प्रकाशनं खुर्ची दिली, सुषमानं चहा आणला. वहिनीनं कव्हराची गोष्ट त्याला सरळ सांगितली, काही न लपवता. मला वाटलं होतं, सांगू नये. प्रकाश ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं." त्याचा अर्थ चांगला की वाईट ते मला त्या वेळी कळलं नाही, वहिनीलाही कळलं नसावं. चहा तसाच ठेवून आम्ही उठलो.

त्यानंतर तिनं लोकांबरोबर गाडी बघायला जाणं बंद केलं. कुणी आलं तर "माझी तब्येत बरी नाय" सांगायची. शाळा मात्र चालू होती. तिथं एक बदल झाला होता. नवी बाई शिकायला आली की पहिला दिवस ती तिला चाकाला हातच लावू द्यायची नाही. मागं बसवायची, पट्टा शोधायला लावायची, डोळे मिटून शोधायला लावायची. आणि पेणमधल्या कव्हरांच्या त्या दुकानात जाऊन तिनं मालकाला शांतपणे समजावलं. तो आधी भडकला, मग कडीसाठी कव्हराला भोकं ठेवायला लागला. अजूनही ठेवतो.

मग ती एकटीच शोरूम फिरायला लागली. कुणासाठी गाडी घ्यायची नव्हती तरी. दादा कुरकुर करायचा, पण बरोबर जायचा. शोरूममध्ये नेहमी सगळ्यात वरचं मॉडेल उभं केलेलं असतं, चकचकीत, सगळे दागिने घालून. वहिनी म्हणायची, "सगळ्यात खालचं दाखवा." पोरं म्हणायची, "मॅडम, ते डिस्प्लेला नसतं." "मग जिथं असंल तिथं चला." अशी ती कंपन्यांच्या गोदामांच्या आवारात उन्हात, प्लॅस्टिक न काढलेल्या गाड्यांच्या रांगांतून फिरली. काय काय काढून घेतलंय ते बघत. एकीनं मागची डोकं टेकायची उशी काढलेली, दुसरीनं मागचा वायपर, तिसरीनं मधल्या माणसाचा पट्टा. एखाद्या कंपनीनं वरच्या मॉडेलला काचेचं छत दिलेलं आणि खालच्याला मागचा पट्टा नुसता कमरेपुरता. अपघाताच्या चाचणीतल्या ताऱ्यांची जाहिरात कुणी दाखवली तर ती विचारायची, "हे तारे कुठल्या मॉडेलला मिळाले? हिला की तिच्या थोरल्या बहिणीला?" बऱ्याचदा पोरांना माहीत नसायचं.

एकदा रोह्याला आमच्याकडे जेवताना ती म्हणाली, "थोरलीला कुणीपण नटवील, भाऊजी. तिचं गिऱ्हाईकच पैसेवालं. कंपनीची दानत धाकटीच्या ताटात काय वाढलंय त्यावरनं कळते." मला ते वाक्य फार आवडलं. पण तिनं ते आवडण्यासारखं काही सांगितल्याच्या सुरात म्हटलं नव्हतं. ती आमटीत भात कालवत होती.

प्रकाश परत आला तो बऱ्याच काळानं. पेणला घरी, सुषमाला घेऊन. मी योगायोगानं तिथंच होतो. उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, गाडी घ्यायची हाय. चला."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. "प्रकाश, मला नको विचारूस."

"विचारत नाय. घेऊन जातोय."

"दुसरी माणसं हायेत. भाऊजींना ने."

"भाऊजींना गाडीतलं काय कळतंय?" तो म्हणाला आणि ते खरंच होतं. मग त्याचा आवाज खाली आला. "तुमी त्या गाडीत मागं जाऊन बसलात. मी अजून बसलो नाय वहिनी. कुठल्याच गाडीत मागं बसवत नाय मला. तुमी नाय आलात तर मी परत पुढनंच बघून गाडी घेणार..."

वहिनीनं पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

त्या दिवशी आम्ही तीन शोरूम फिरलो. प्रत्येक ठिकाणी प्रकाश चालवायचा, मी पुढं, वहिनी आणि सुषमा मागं. विक्रेत्यांनी सांगितलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून वहिनीनं गाडी नेऊ दिली नाही. खड्ड्यांचा, अर्धवट काम झालेला रस्ताच हवा म्हणाली. पहिल्या गाडीत बसल्या बसल्या तिनं पट्टा लावला आणि प्रकाशला विचारलं, "तुझी आई माझ्याएवढीच होती ना रे उंचीला?" प्रकाश आरशात बघून म्हणाला, "व्हय. अगदी." "मग हा पट्टा गळ्याला लागतोय. वयस्कर माणूस कंटाळून काढून ठेवील. ही नको." ती मावशीकडची होती. दुसरी मामाकडची, मागं ऐसपैस, खड्ड्यात पाण्यासारखी गेली, पण पट्ट्याची कडी सीटमध्ये इतकी खोल की सुषमालाही दोनदा चाचपावं लागलं. शिवाय चढायला उंच. तिसरी आत्याकडची. तिथं जायच्या आधीच वहिनीनं नाक मुरडलं होतं. आवारात मागच्या रांगेत उभं असलेलं सगळ्यात साधं मॉडेल काढायला लावलं. छताला खिडकी नव्हती, पडदा नव्हता, चाकांना साधी टोपणं. पण मागं तिघांना नीट पट्टे, कड्या वर आलेल्या, बोटाला आपोआप सापडणाऱ्या, तिन्ही डोक्यांना उशा, आणि पट्टा वहिनीच्या खांद्यावर बरोबर बसला. वहिनी उतरली, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाली, "हिला मी जन्मभर नटवी म्हणून नावं ठेवली. पण धाकटीच्या ताटात पण तेवढंच वाढलंय हो हिनं."

प्रकाशनं विचारलं, "मग ही घेऊ?"

"मी सांगणार नाय. सुषमा, तू सांग गो. तुला चालवायची हाय."

"मला?" सुषमा म्हणाली. "मला कुठं येते?"

"सोमवारपासनं येशील."

सुषमानं आत्याकडचीच घेतली, पांढरी. आणि सोमवारपासून वहिनीकडे शिकायला यायला लागली. गाडी शोरूममधून घरी आणली त्या दिवशी ती सुषमाचा भाऊ चालवत होता आणि गडबला पोचेपर्यंत प्रकाश त्याच्याशेजारी पुढं बसला होता. घराजवळच्या वळणावर त्यानं गाडी थांबवायला सांगितली, उतरला आणि मागं जाऊन बसला. शेवटचा तेवढा रस्ता तो मागं बसून आला. हे मला सुषमानं नंतर सांगितलं.

वहिनीच्या किडन्या बिघडल्या त्या पुढच्या काही वर्षांत, हळूहळू. पेणहून पनवेलला डायलिसिसला जायचं म्हणजे चालवणारा हवा. दादाला गाडी येत नव्हती, मी रोह्यात शिफ्टला अडकलेला. प्रकाशनं आणि सुषमानं आपसात वार वाटून घेतले, आम्हाला विचारलंही नाही. प्रकाशला रात्रपाळी असली की सुषमा घेऊन जायची. वहिनी मागं, पट्टा लावून. जाताना बोलायची, येताना झोपायची. जाताना रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीवर शेरा असायचाच. मावशीनं आता सगळ्या मॉडेलना पिशव्या दिल्या, म्हणजे अपघातात फुगतात त्या एअरबॅगा, सुधारली मावशी. मामाची शिवण सरळ झाली. बिनपेट्रोलच्या गाड्या आल्या, त्यांचा आवाज नाही म्हणून गुरं बाजूला होत नाहीत. एकदा मी बरोबर होतो. पेणच्या पुढं गेल्यावर ती सुषमाला म्हणाली, "ह्या गाडीत एक खोट राहिली गो. त्या दिवशी थोडाच वेळ बसले, कळलं नाय. मागची सीट आखूड हाय. जास्त येळ बसलं की मांडीला आधार नाय."

सुषमा आरशात बघून म्हणाली, "मग उशी ठेवू का, ताई?"

"ठेव. पण पुढच्या येळेला गाडी बघशील तेव्हा अर्धा तास बस मागं. लोक शोरूममध्ये दोन मिनिटं बसतात. म्हातारपण दोन मिनिटांचं नसतं."

ती गेली ती घरीच, सकाळी, चहा पिऊन खुर्चीत बसली असताना. डायलिसिसचा वार नव्हता. दादा बाजारात गेला होता, परत आला तेव्हा पेपर मांडीवर होता आणि चष्मा डोळ्यांवर. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. त्रास झाला नसावा. तिच्या अंत्ययात्रेला जितके पुरुष होते तितक्याच बायका होत्या, आणि पेणच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लावलेल्या गाड्यांपैकी कितीतरी बायकांनी स्वतः चालवत आणलेल्या होत्या. एका ट्रॅफिकवाल्यानं मला विचारलं, "कोण मोठं माणूस गेलं का?"

मागच्या रविवारी शाळेची गाडी विकली. दादाला ठेवायची नव्हती. नुसती उभी राहून बॅटरी उतरत होती. नागोठण्याच्या एका शिक्षकांनी घेतली. त्यांना ती घरी वापरायची होती, म्हणून शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जो दुसरा ब्रेक बसवलेला असतो तो काढून हवा होता. आम्ही मेकॅनिकला घरीच बोलावलं. मी होतो, दादा होता, सुषमा सह्यांच्या कागदांत मदत करायला आली होती. मेकॅनिक डाव्या बाजूला आत वाकला, टॉर्च मारला आणि तसाच आतून म्हणाला, "दादा, हा ब्रेक नंतर बसवला काय? ह्याचं रबर नवंच हाय."

दादा म्हणाला, "नाही, शाळा काढली तेव्हापासूनचा आहे."

आम्ही तिघंही वाकून बघायला गेलो. उजवीकडे, शिकणारणींच्या बाजूला, तिन्ही पेडलांची रबरं झिजून गुळगुळीत झाली होती, एकाचा तर खालचा लोखंडी पत्रा दिसत होता. डाव्या बाजूच्या ब्रेकवरच्या रेघा मात्र बोटाला लागत होत्या. इतक्या जणी त्या गाडीत शिकल्या, नाल्याच्या कडेपर्यंत गेल्या, एसटीच्या अंगावर गेल्या, माझी बायकोही शिकली आणि तिनं एकदा गाडी भाजीच्या हातगाडीपर्यंत नेली होती...

"ताई त्याला पाय लावायच्याच नायत," सुषमा म्हणाली. "मांडी घालून बसायच्या. मी पहिल्या दिवशी विचारलं, ताई, मी चुकले तर? तर म्हणाल्या, तुझ्या पायाखाली पण ब्रेक हाय की गो."

मेकॅनिकनं नट सैल केले आणि ब्रेक बाहेर काढून दादाच्या हातात दिला. शिक्षक म्हणाले, जुन्या सामानात टाकून द्या. दादानं तो धोतराच्या टोकाला पुसला, घरात नेला आणि खिडकीत तिच्या चष्म्याशेजारी ठेवला. मग बाहेर येऊन त्यानं शिक्षकांच्या हातात किल्ली दिली आणि गाडी नेण्याआधी एकदा मागं बसून बघा, म्हणाला.